वावड्याची पारख

वांगे एकाला वातूळ, तर दुसऱ्याला पथ्यकर, हे मराठी माणसाला कोणी नव्याने सांगावयास नको. एखाद्या पदार्थाचे एखाद्यालाच 'वावडे' असते, ही जाणीव आपल्या स्वयंपाकघराइतकीच जुनी आहे. तिला शास्त्राचे नाव मात्र अलीकडे मिळाले. १९०६ साली व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 'अ‍ॅलर्जी' हा शब्द योजिला. बाहेरून आलेल्या द्रव्याला शरीर नेहमीपेक्षा निराळा प्रतिसाद देऊ लागते, ही त्यामागील कल्पना. आज हा शब्द घरोघर पोहोचला आहे. त्याचा अर्थ तितका पोहोचलेला नाही.

सव्वा वर्षाच्या एका मुलाची कल्पना करावी. आईने कौतुकाने शेंगदाण्याच्या लाडवाचा कण त्याच्या जिभेवर ठेवला. पंधरा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर लाल गांधी उठल्या, मूल खाजवून रडू लागले. तासाभराने सारे ओसरले. घरातील धास्ती मात्र ओसरली नाही. आजी म्हणते, पित्त उठले असेल. वडील म्हणतात, एकदा सगळ्याच पदार्थांची तपासणी करून टाकू.

दवाखान्यात डॉक्टर प्रथम सुई हाती घेत नाहीत. ते प्रश्न विचारतात. नेमके काय खाल्ले आणि किती? त्रास किती वेळाने सुरू झाला? उलटी झाली का, आवाज बसला का, श्वास लागला का? तोच पदार्थ पूर्वी पचला होता का? आईच्या या साक्षीवर अर्धेअधिक निदान उभे असते. म्हणून घडले तसे कागदावर टिपून न्यावे हे उत्तम. खाज शमविणारी काही औषधे चाचणीपूर्वी काही दिवस थांबवावी लागतात, तेही आधी विचारून घ्यावे.

चाचणी साधीच असते. मुलाला आईच्या मांडीवर बसवून त्याच्या हातावर किंवा पाठीवर पेनाने खुणा करतात. प्रत्येक खुणेजवळ संशयित पदार्थाच्या अर्काचा एकेक थेंब ठेवून त्या थेंबातून त्वचा अगदी वरवर टोचतात. आणखी दोन थेंब पडताळ्यासाठी असतात: एक मिठाच्या पाण्याचा, ज्याने काहीच उठू नये, दुसरा हिस्टमीनचा, ज्याने गांध उठलीच पाहिजे. या दोहोंनी आपले काम चोख केले, तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवता येतो. पंधरा-वीस मिनिटांनी गांध किती रुंद आहे ते मोजतात. मिठाच्या पाण्याच्या जागेपेक्षा ती ३ मिलिमीटर वा अधिक भरली, तर उत्तर होकारार्थी मानतात.

ही गांध का उठते? १९२१ साली जर्मनीत कार्ल प्राउसनिट्झ यांनी आपले सहकारी हाइन्झ क्युस्टनर यांच्या रक्तातील द्रव आपल्याच त्वचेत टोचून घेतला. क्युस्टनर यांना माशांचे वावडे होते; प्राउसनिट्झ यांना नव्हते. नंतर त्याच जागी माशाचा अर्क टोचताच तेथे गांध उठली. वावडे रक्तातील कोणत्या तरी द्रव्यात वसते, हे त्यावरून दिसले. ते द्रव्य म्हणजे 'आयजीई' नावाचे प्रतिद्रव्य, ही ओळख १९६० नंतरच्या दशकात पटली. रक्त तपासून तेही मोजता येते.

येथेच सावध राहावयास हवे. होकारार्थी उत्तर एवढेच सांगते की, शरीराने त्या पदार्थाविरुद्ध हे द्रव्य तयार केले आहे. तो खाल्ल्यावर त्रास होईलच, असे ते सांगत नाही. गांध मोठी उठली म्हणून त्रासही तितकाच उग्र होईल, असेही नाही. चाचणी हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. म्हणून डॉक्टर वडिलांची मागणी नाकारतात. जे दूध, जी पोळी मूल रोज सुखाने खाते, त्यांवरही उगाच ठपका यायचा आणि वाढत्या वयात त्याचे पान रिकामे व्हायचे! संशय उरलाच, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पदार्थ थोडा थोडा वाढवीत खाऊ घालून पाहणे, ही सर्वांत भरवशाची परीक्षा होय. ती घरी कधीही करू नये.

अकारण वर्ज्य करण्याची आणखी एक किंमत असते. २००० साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने, ज्यांना वावड्याचा धोका अधिक अशा मुलांना तीन वर्षांपर्यंत भुईमूग देऊ नये, असा सल्ला दिला होता. २००८ साली तो मागे घेतला गेला. पुढे लंडनमध्ये तीव्र इसब किंवा अंड्याचे वावडे असलेल्या ६४० बालकांवर प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. भुईमूग टाळणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे १७ मुलांना पाचव्या वर्षी त्याचे वावडे आढळले. तान्हेपणापासून तो नियमित खाणाऱ्यांत अवघ्या ३ मुलांना. अर्थात अशा बालकांना तो प्रथम डॉक्टरांना विचारूनच द्यावा, आणि अख्खा दाणा तर कोणत्याच तान्ह्या मुलाला देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो.

त्या सव्वा वर्षाच्या मुलाची हकीकत आणि चाचणी दोन्ही जुळली. त्याला वर्ज्य झाला तो केवळ शेंगदाणा. पण मराठी घरात कूट कोठे नसते? खिचडीत, कोशिंबिरीत, चटणीत, पोह्यांत. म्हणून घरातील प्रत्येकाला, शेजाऱ्यांना आणि बालवाडीतील बाईंनाही ते ठाऊक असले पाहिजे. चुकून पोटात गेले आणि श्वास लागला, वा मूल निपचित पडले, तर मांडीत दिलेले अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपाय. खाजेच्या औषधावर विसंबून वेळ दवडू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे.

दुधाचे व अंड्याचे वावडे पुष्कळदा वयाबरोबर मावळते, शेंगदाण्याचे क्वचित. म्हणून अधूनमधून फेरतपासणी करावी. तोवर त्या घरातील भरल्या वांग्यांत कुटाऐवजी ओले खोबरे पडेल, एवढेच. मूल मात्र सर्वांबरोबर, सर्वांच्या पंक्तीला बसून जेवेल.