सव्वा किलोचा प्रश्न

‘लिहिण्यापुरताच लागतो ना? मग कुठलाही घ्या.’ लॅपटॉप घ्यायचाय म्हटलं की कवीला हे हमखास ऐकावं लागतं. आणि श्रोतेहो, बोलणारा अगदीच काही खोटं बोलत नसतो. देवनागरीतलं एक चिन्ह युनिकोडमध्ये साठवायला साधारण ३ बाइट लागतात. म्हणजे तीनशे पानांच्या कादंबरीचा निव्वळ मजकूर दीड एमबीच्या आसपास भरतो. नातवाचा मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा याहून जड असतो! लिहिण्याचं ओझं यंत्राला होत नाही. ते ज्याचं त्यालाच.

पण रोजचं काम म्हणजे नुसतं लिहिणं कुठे राहिलंय? मी उर्दूतून मराठीत अनुवाद करतो, प्रकाशकांची मुद्रितं तपासतो. एका बाजूला स्कॅन केलेलं उर्दू पुस्तक, दुसऱ्या बाजूला माझा मराठी मजकूर, मागे ब्राउझरमध्ये चार-सहा पानं उघडी, आणि मध्येच संपादकांचा व्हिडिओ कॉल. हा सगळा संसार पाठीवर घेऊन एसटीनं, रेल्वेनं फिरायचं. जुना लॅपटॉप अडीच किलोचा, चार्जरचा भार वेगळा. पन्नाशीनंतर खांदा बोलायला लागतो. एका पुस्तकाचं अख्खं मानधन या खरेदीत जाणार, आणि पुढची सहा-सात वर्षं दुसरी खरेदी परवडणार नाही. तेव्हा सव्वा किलोचं यंत्र हे सगळं ओढेल का, हे दुकानदाराच्या भरवशावर सोडण्यासारखं नव्हतं.

हलक्या यंत्रांविषयी शंका घ्यायला पूर्वी कारण होतं. २००७ साली आसुस कंपनीचा ईई पीसी आला. सात इंची पडदा, वजन किलोच्या आत. मग नेटबुकांची लाटच आली. स्वस्त होती बिचारी, पण तीन खिडक्या उघडल्या की धापा टाकायची. काही वर्षांत ती लाट ओसरली. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून १.३६ किलोचा मॅकबुक एअर काढून दाखवला. ते पाकीट लोकांच्या लक्षात राहिलं. त्याची २ जीबी मेमरी बोर्डावरच सोल्डर केलेली होती आणि ती नंतर वाढवता येत नव्हती, ही गोष्ट मात्र घेणाऱ्यांना वापरतानाच जाणवली असेल.

हलकेपणाची किंमत कुठे मोजावी लागते? मुख्यतः उष्णतेत. प्रोसेसर काम करतो तेव्हा तापतो. जाड लॅपटॉपमध्ये पंखा आणि तांब्याच्या नळ्या ती उष्णता बाहेर टाकतात. पातळ यंत्रात त्यांना जागाच कमी. २०१५ साली ॲपलनं ९२० ग्रॅमचा, बिनपंख्याचा बारा इंची मॅकबुक काढला. त्याच्या इंटेल प्रोसेसरला जेमतेम पाचेक वॉटच्या मर्यादेत राहावं लागे. असं यंत्र आधी जोरात पळतं, तापलं की स्वतःच वेग कमी करतं. आणि नेमकं इथेच दुकानातलं प्रात्यक्षिक फसवं ठरतं. दुकानात आपण पाच मिनिटं बटणं दाबतो, दोन फाइली उघडतो, आणि ‘वा, काय चपळ आहे!’ म्हणतो. त्या पाच मिनिटांत ते तापलेलंच नसतं.

टायपिंग, टपाल, शब्दकोश पाहणं ही कामं धावत-थांबत होणारी आहेत. त्यांत यंत्राला मधे मधे उसंत मिळते. व्हिडिओ कॉल तासभर सलग चालतो, त्यात उसंत नाही. म्हणून मी ओळखीच्या एका प्राध्यापकांचा हलका लॅपटॉप दुपारभर मागून घेतला. माझ्याच फाइली उघडल्या, एक लांबलचक कॉल लावला, आणि तो चालू असताना मजकूर दुरुस्त करत बसलो. यंत्र कोमट झालं, पण अक्षरं बोटांच्या मागे पडली नाहीत. नस्तालिक लिपीत प्रत्येक अक्षराचा आकार आणि उंची शेजाऱ्यावर ठरते, त्यामुळे मोठ्या उर्दू फाइलचं पान उलटताना ते क्षणभर थबकलं. तेवढं चालेल. नस्तालिक वाचताना मीही थबकतो.

प्रोसेसरची चिंता आता फारशी उरलेली नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या एम वन चिपच्या मॅकबुक एअरला पंखा नव्हता, तरी तो दिवसभराचं काम विनातक्रार ओढत असे. खरी मेख मेमरीत आहे. ती भरली की यंत्र जादा सामान साठवणुकीच्या जागेत ठेवायला लागतं, आणि तिथून आणण्या-नेण्यात वेळ जातो. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबीची आहे. ती फक्त घर उघडण्यापुरती, पाहुण्यांची सोय त्यात नाही. आपल्याला किती लागते हे आपल्या जुन्या यंत्रावरच कळतं. कामाच्या ऐन गर्दीत कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबायची. टास्क मॅनेजर उघडतो, त्यात मेमरीचा आकडा दिसतो. माझ्या ८ जीबीपैकी सात वापरात होती. बहुतेक हलक्या यंत्रांत मेमरी पुढे वाढवता येत नाही, म्हणून १६ जीबी घ्यायचं ठरवलं, आणि त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खालचा पत्करला.

एक अडचण मात्र खास मराठीवाल्यांची. आपले कित्येक प्रकाशक अजून युनिकोडपूर्व काळातले फॉन्ट वापरतात. त्यातलं काही सॉफ्टवेअर यूएसबीला डोंगल लावल्याशिवाय उघडत नाही. आता काही हलके विंडोज लॅपटॉप एआरएम जातीच्या चिपवर चालतात. त्यांची बॅटरी उत्तम, पण इंटेल जातीसाठी लिहिलेले जुने ड्रायव्हर त्यांवर चालत नाहीत. डोंगलला असा जुना ड्रायव्हर लागत असेल, तर डोंगल गेलं, फॉन्ट गेले, आणि त्यांच्या मागोमाग मुद्रिततपासणीचं कामही गेलं. वजन आणि वेग यांचे आकडे खोक्यावर छापलेले असतात, हे कुठेच छापलेलं नसतं. स्वतः विचारावं लागतं.

शेवटी १.२५ किलोचा, इंटेल चिपचा, १६ जीबीचा घेतला. बटणं जरा उथळ आहेत, जोडाक्षरं लिहिताना बोट आपटतं. जुना लॅपटॉप मोडीत काढला नाही. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून त्याचं इंटरनेट काढून टाकलंय. तो टेबलावरच असतो, डोंगल लावून. एखाद्या प्रकाशकाची वीस वर्षांपूर्वीची फाइल आली, तर आधी त्याच्यावर उघडून बघतो.