बांधावरची झाडे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



बंगळूरहून कोलारकडे निघाले की नाचणीच्या शेतांच्या बांधांवर करंज दिसतो. कन्नड बांधव त्याला 'होंगे' म्हणतात. पाल्याचे खत, बियांचे तेल आणि मुळांवरील गाठींतून जमिनीस मिळणारे नत्र, हे त्याचे जुने देणे. आज त्यात एका नव्या देण्याची भर पडली आहे. हवेतील कर्बवायू शोषून झाड लाकूड घडविते. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कर्बाचा असतो. मात्र ते लाकूड जळले वा कुजले की तो कर्ब पुन्हा हवेत जातो. तेव्हा झाड किती झपाट्याने वाढते, याइतकेच ते किती वर्षे उभे राहते, हेही महत्त्वाचे.

याच भागात १९८० च्या दशकात अनेक शेतांत नाचणीऐवजी निलगिरी आली. ती लवकर वाढते, हे मान्य. परंतु कागदाच्या लगद्यासाठी तितक्याच लवकर तोडली जाते. धान्य गेले, मजुरी गेली, अशी तक्रार झाली. १९८३ साली तुमकूर जिल्ह्यात शेतकऱ्यांनी निलगिरीची रोपे उपटली आणि २०१७ साली कर्नाटक शासनाने तिच्या नव्या लागवडीस बंदी घातली.

येथील वनखात्याने २०११-१२ साली सुरू केलेल्या कृषी-अरण्य प्रोत्साहन योजनेचे सूत्र मला मोलाचे वाटते. अनुदान लावलेल्या रोपांवर नव्हे, तर जगलेल्या रोपांवर, आणि तेही तीन वर्षे.

आपणांपैकी अनेकांची नावे गावाकडच्या सातबाऱ्यावर आहेत. जमीन कसतो मात्र चुलतभाऊ किंवा वाटेकरी. आपण सुटीत जाऊन रोपे लावतो, छायाचित्र काढतो आणि परततो. उन्हाळ्यात पाणी घालायचे त्याने, सावलीने पीक खुरटले तर सोसायचे त्याने, आणि झाडावर हक्क आपला! असे झाड जगावे तरी कसे? शिवाय बांध म्हटला की भाऊबंदकी आलीच.

म्हणून माझी विनंती एवढीच, की रोप आणण्यापूर्वी शेजारच्या शेतकऱ्याची संमती घ्या, आणि फळ, पाला व पुढे लाकूड यांत कसणाऱ्याचा वाटा लिहून द्या. चिंच, फणस, करंज, कडुनिंब, जे त्या मातीत रुजते ते त्यालाच निवडू द्या. पहिले तीन उन्हाळे पाण्याचा खर्च आपण उचलावा. आपल्या शहरी धुराची यातून पुरती भरपाई होणार नाही. तो धूर कमी करणे हे कर्तव्य उरतेच. पण गावाशी तुटत चाललेले नाते या निमित्ताने पुन्हा व्यवहारात येईल.