विमानातला डायनामो



ट्रॅक्टरची किंवा जीपची बॅटरी वारंवार उतरू लागली, की शहाद्याचा, तळोद्याचा किंवा नवापूरचा माणूस सरळ ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जातो. तो मीटर लावून सांगतो, ‘अल्टरनेटर चार्जिंग करत नाही.’ जुनी माणसे त्याला अजून डायनामोच म्हणतात. नेमका तोच मिळाला नाही, तर दुसऱ्या गाडीचा बसवतात, पट्टा ताणतात आणि काम भागते. हाच प्रश्न स्वतः बांधलेल्या विमानाच्या बाबतीत आला, तर काय करावे?

स्वतः बांधलेले विमान ही आपल्याला फार लांबची गोष्ट नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी मिळण्यात पुढची काही वर्षे गेली. २०२० मध्ये त्याच्या उड्डाणचाचण्या झाल्या त्या धुळ्याच्या धावपट्टीवर. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा होईपर्यंत आपणही त्याच धुळे जिल्ह्यात होतो.

कारखान्यात तयार झालेल्या, प्रमाणपत्र असलेल्या विमानाला मान्यताप्राप्त सुटा भागच लावावा लागतो, आणि त्याचे कागदही जपावे लागतात. अमेरिकेत विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः केले असेल, तर ते ‘प्रायोगिक’ वर्गात नोंदवता येते. तिथे मोटारीचा अल्टरनेटर विमानाला लावणारे पुष्कळ आहेत. तो स्वस्त असतो, हलका असतो आणि कुठेही मिळतो. मात्र तो योग्य आहे की नाही, हे ठरवण्याची जबाबदारी बांधणाऱ्यावर येते.

मग पाहायचे काय? पहिली गोष्ट, गरज किती. रेडिओ, उपकरणे, दिवे, इंधनाचा पंप या सगळ्यांचे अँपिअर कागदावर मांडून बेरीज करावी. शंभर वॅटचा एक दिवा बारा व्होल्टवर आठ अँपिअरच्या आसपास घेतो. विमानाची वायरिंग बारा व्होल्टची आहे की चोवीसची, हेही आधी पाहावे.

दुसरी गोष्ट, फिरण्याचा वेग. मोटारीचे इंजिन कधी मंद, कधी जलद चालते. लहान विमानाचे इंजिन मात्र मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास तासन्‌तास चालत राहते. पुलीचे प्रमाण एकास तीन असेल, तर अल्टरनेटर साडेसात हजार फेऱ्या फिरणार.  हा वेग कमी करायचा असेल, तर अल्टरनेटरची पुली मोठी घ्यावी लागते. फिरण्याची दिशा उलटी झाली तरी वीज तयार होते, पण पंख्याची पाती तिरकी असतील तर हवा नीट खेळत नाही आणि आतला भाग तापतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज वाढतच गेले, तर बॅटरी उकळते आणि रेडिओ जळतो. जीपमध्ये आपण रस्त्याच्या कडेला थांबून वायर काढतो. आकाशात थांबायला कडा नसते. म्हणून व्होल्टेज हद्दीबाहेर जाताच अल्टरनेटर आपोआप तोडणारे संरक्षण हवे आणि वैमानिकाच्या हाताशी तो बंद करण्याचे बटणही हवे. मोटारीच्या काही अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर आतच असतो. तो बिघडला, तर बाहेरचे बटण दाबूनही वीज थांबेलच असे नाही.

आता समजा, अल्टरनेटर उड्डाणातच बंद पडला. विमानाच्या पारंपरिक इंजिनात ठिणगी मॅग्नेटो देतो. त्याला बॅटरी लागत नाही, त्यामुळे इंजिन चालू राहते. पण बांधणाऱ्याने मोटारीचे इंजिन बसवले असेल, त्याचे इग्निशन आणि इंधनाचा फवारा विजेवर चालत असेल, तर बॅटरी संपली की इंजिनही थांबणार. वीस अँपिअर-तासांची बॅटरी दहा अँपिअरच्या भाराला कागदावर दोन तास पुरते, प्रत्यक्षात त्याहून कमी. जुन्या बॅटरीचा तर भरवसाच नाही. तेवढ्या वेळात जवळची धावपट्टी गाठता येईल का, याचा हिशेब जमिनीवर असतानाच करायचा असतो.

दुकानदार विचारतो, ‘कोणत्या गाडीचा हवा?’ विमान बांधणाऱ्याने आधी स्वतःला विचारायचे असते, ‘हा बंद पडला, तर माझ्याजवळ काय उरते?’ त्याचे उत्तर तयार असेल, तर गॅरेजमधला अल्टरनेटरही आकाशात नीट काम देतो. उत्तर तयार नसेल, तर महागातला महाग भाग आणूनही विमान जमिनीवरच ठेवावे, हे बरे.



(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)