मेणबत्तीच्या उजेडातला दिग्दर्शक



लंडनच्या डिझाइन म्युझियममध्ये २०१९ साली एक प्रदर्शन भरलं होतं.
दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांच्यावरचं.

'बॅरी लिंडन' या चित्रपटातले काही प्रसंग त्यांनी
केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात टिपले.
त्यासाठी वापरली ती चक्क 'नासा'साठी बनवलेली लेन्स!

अशा दिग्दर्शकाचं दालन उजळायचं कसं?
खरी मेणबत्ती तिथं चालत नाही.
प्रखर दिवाही नको.
उजेडानं जुने पोशाख विटतात,
कागद पिवळे पडतात.
ते नुकसान भरून निघत नाही.

म्हणून उजेड मंदच ठेवायचा.
दालनाआधीची वाट काळोखी करायची.
डोळे सरावले,
की मंद दिवाही पुरतो.
मला तर ही युक्ती फार आवडते.

तेव्हा मंडळी, संग्रहालयात अंधार वाटला,
तर क्षणभर थांबा.
उजेड मंदच हवा.
आणि हो, मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा!