भेगांतून आलेला खानदेश

खानदेशातले डोंगर लाव्हाचे, मग ज्वालामुखीचा माथा खचून होणारं विवर, कॅल्डेरा, इथे का दिसत नाही? लोणारचं उदाहरण देऊ नये. ते विवर अशनीच्या आघाताचं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथला लाव्हा मुख्यतः लांबलचक भेगांतून वाहिला असावा. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या कड्यांत थर जवळपास आडवे आहेत. शंकूच्या उतारावर ते कलते असते. धुळे, साक्री, नंदुरबारकडे तर भेगांत थिजलेल्या काळ्या दगडाच्या, बहुतांशी पूर्व-पश्चिम भिंतीच उघड्यावर आहेत, काही कित्येक किलोमीटर लांब. कुणी म्हणेल, या भिंती थरांना छेदतात, म्हणजे त्या नंतरच्या. बरोबर, छेदलेल्या थरांना त्यांनी लाव्हा पुरवला नाहीच. पण त्यांच्यावरचे, आता झिजून गेलेले थर काही भिंतींनी पोसले असतील, ही शक्यता त्यानं उलट बळावते.