तुमची बाजू कुणी ठरवली?



विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. लढाईचा खेळ, आणि तोही मोठ्या माणसांचा? पण जगात हजारो लोक हा छंद मनापासून जोपासतात. एखादी जुनी लढाई निवडायची, त्या काळचे कपडे शिवायचे, त्या काळची कवायत शिकायची आणि ठरलेल्या दिवशी लोकांसमोर ती लढाई पुन्हा उभी करायची. मी नोकरीनिमित्त काही वर्षं इंग्लंडमध्ये होतो. तिथे अशाच एका पलटणीत नवखा म्हणून दाखल झालो. तिथे जे पाहिलं, त्यातलं आपल्या कामाचं काय, एवढंच आज सांगणार आहे.

आधी त्यांची लढाई समजून घेऊ. इंग्लंडमध्ये १६४२ ते १६५१ या काळात राजा आणि संसद यांच्यात यादवी युद्ध झालं. भांडण करांचं होतं, सत्तेचं होतं आणि धर्माचंही होतं. चर्चमध्ये बिशप असावेत की नसावेत, कॅथलिकांवर विश्वास ठेवावा की नाही, यावरून घराघरांत फूट पडली. ३० जानेवारी १६४९ रोजी पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला. या युद्धातल्या लढाया उभ्या करणारी ‘सील्ड नॉट’ ही तिथली जुनी संस्था. पीटर यंग या ब्रिगेडियरने ती १९६८ मध्ये सुरू केली. चेशर परगण्यातल्या नँटविच गावात १६४४ च्या लढाईची आठवण म्हणून दर जानेवारीत असा खेळ करण्याची प्रथा आहे.

अशा पलटणीत नवख्याचं काय होतं? मला पहिल्या दिवशी दोनच गोष्टी विचारल्या: बुटाचा नंबर आणि छातीचं माप. कपडे उसने मिळाले. मनगटी घड्याळ काढून ठेवायला सांगितलं. मग हातात १६ फुटी भाला दिला. हा भाला एकट्याने उचलला तर वाऱ्यावर नुसता डोलतो. तीस जणांनी एका हुकमावर उचलला तर त्याची भिंत होते. त्यामुळे पहिले कित्येक दिवस फक्त कवायत: उचला, खांद्यावर घ्या, खाली करा. दोन फळ्या भिडतात तेव्हा भाले उभे धरले जातात आणि खरी रेटारेटी खांद्यांची होते. बंदूक नवख्याला लगेच मिळत नाही. ती जुन्या पद्धतीची, तोड्याची बंदूक असते. गोळी नसते, पण दारू खरी असते. म्हणून पोलिसांचा परवाना लागतो आणि सुरक्षेचे नियम पाठ असावे लागतात. कुणाला खरंच लागलं तर लढाई जागच्या जागी थांबते. ज्यांना लढायचं नाही ते रांगांमधून पाणी वाटत फिरतात, तळावर चूल पेटवतात, त्या काळचा वैद्य होऊन प्रेक्षकांना जखमा कशा शिवत ते सांगतात. प्रत्येकाला काम असतं.

आता मुख्य मुद्दा. मी कोणत्या बाजूने लढलो? पलटण ज्या बाजूची, त्या बाजूने. आणि समोरच्या फळीत माणसं कमी पडली तर आमची पलटणच बाजू बदलायची. शनिवारी राजाचे, रविवारी संसदेचे. माझ्या शेजारी भाला धरणारी बाई कॅथलिक होती आणि आम्ही बऱ्याचदा कॅथलिकांचा द्वेष करणाऱ्यांच्या फौजेत असायचो. तिच्याकडे कुणी संशयाने पाहत नव्हतं. मलाही कुणी विचारलं नाही, की शेख आडनावाचा माणूस इथे काय करतोय. लढाई संपली की दोन्ही फौजा एकमेकांना मानवंदना देत आणि एकाच रांगेत चहाला उभ्या राहत.

म्हणून तिथे सगळं गोड आहे असं समजू नका. याच युद्धाच्या ओघात क्रॉमवेलच्या फौजेने १६४९ मध्ये आयर्लंडमधल्या ड्रॉहेडा शहरात कत्तल केली. तिथे क्रॉमवेलचं नाव आजही कडवटपणे घेतलं जातं. जखम ओली असेल तिथे लढाईचा खेळ हा नुसता खेळ राहत नाही.

आणि रांगेत कुणाला उभं राहू द्यायचं, यावरही वाद झाले आहेत. अमेरिकेत तिथल्या यादवी युद्धाचे असेच खेळ होतात. १९८९ मध्ये अँटिएटमच्या रणभूमीवर लॉरेन कुक बर्जेस ही स्त्री पुरुष सैनिकाच्या वेशात सहभागी झाली होती. ती बाई आहे हे कळल्यावर तिला बाहेर काढण्यात आलं. सैनिक पुरुष होते, बाई दिसली तर इतिहास चुकेल, असं कारण दिलं गेलं. तिने सरकारी खात्यावर दावा लावला आणि १९९३ मध्ये जिंकली. ती तिथेच थांबली नाही. त्या युद्धात पुरुषी नावाने खरोखर लढलेल्या साराह रोझेटा वेकमन या स्त्रीची पत्रं तिने संपादित करून १९९४ मध्ये पुस्तकरूपात आणली. इतिहास चुकेल म्हणणाऱ्यांना तिने इतिहासच दाखवला.

आता आपल्याकडे येऊ. त्यासाठी शतक बदलावं लागत नाही. ‘सील्ड नॉट’ हे मुळात राजपुत्र चार्ल्सला गादीवर आणण्यासाठी कट करणाऱ्या गुप्त गटाचं नाव. तो चार्ल्स १६६० च्या मे महिन्यात लंडनला परतला. नेमक्या त्याच उन्हाळ्यात पन्हाळगडाला वेढा पडला होता आणि शिवाजी महाराज गडावर अडकले होते. त्या वेढ्यातली माणसं मोजा. वेढा घालणारा आदिलशाहीचा सेनापती सिद्दी जौहर. त्याच्यासोबत बाजी घोरपडे. राजापूरच्या वखारीतून दारूगोळा घेऊन मदतीला आलेला इंग्रज, हेन्री रेव्हिंग्टन. हा वेढा बाहेरून फोडण्यासाठी महाराजांच्या बाजूने कोण आलं? नेताजी पालकर आणि सिद्दी हिलाल. या धडपडीत हिलालचा मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. जुलैत महाराज निसटले, बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांच्या माणसांनी घोडखिंड लढवली. आणि महाराज विशाळगडाच्या पायथ्याशी पोचले तेव्हा तिथे वेढा घालून कोण बसलं होतं? सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव. दोघंही आदिलशाहीचे मराठे सरदार.

या यादीत आजच्या आडनावांवरून रेघ मारून दाखवा. नाही मारता येत. त्या काळी धर्म नव्हताच, असं मी म्हणत नाही. माणसं नमाज पढत होती, देवीला नवस बोलत होती. पण चाकरी कुणाची करायची, हे वतन, पगार, भाऊबंदकी आणि निष्ठा यांवर ठरत होतं.

तरी शाळेच्या स्नेहसंमेलनात काय होतं? अफजलखानाची भूमिका कुणाला द्यायची, हे बऱ्याचदा हजेरीपटावर बोट ठेवून ठरतं. आपल्यातल्या अनेकांनी ती दाढी लावली आहे. मग आपण दोन गोष्टी करतो. एक तर शिवजयंतीच्या दिवशी घरी बसतो. नाहीतर सिद्दी हिलाल, दौलतखान, नूरबेग यांची नावं पाठ करून, बघा आम्हीही होतो, असं सांगत सुटतो. पहिल्याने आपण मैदान सोडून देतो. दुसऱ्याने आपण स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. सिद्दी हिलालचं नाव जरूर घ्या, कारण तो होता. पण त्याचं नाव निष्ठेचा दाखला म्हणून खिशात बाळगू नका. या देशाचं नागरिकत्व आपल्याला संविधानाने दिलं आहे. १६६० सालच्या कुठल्या सरदाराच्या सहीची त्याला गरज नाही. अफजलखानाचा जबाब आपण द्यायचा नाही आणि हिलालचं श्रेयही आपण खायचं नाही.

हे केवळ नाटकापुरतं नाही. ज्या खिंडीला आपण पावनखिंड म्हणतो, ती गजापूरची. २०२४ च्या जुलैत त्याच गजापुरात मुसलमानांच्या घरांवर आणि मशिदीवर हल्ला झाला. इतिहासाच्या फौजा आजच्या वस्त्यांवर चालून येतात तेव्हा घरातून निसटायला कुणालाच चोरवाट नसते. म्हणून तो इतिहास उभा करणाऱ्यांमध्ये आपण असणं गरजेचं आहे.

कसं, ते सांगतो. कोल्हापूरकडे मर्दानी खेळांचे आखाडे आहेत. लाठी, दांडपट्टा, विटा शिकवतात, मुलीही शिकतात. पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड पायी मोहिमा निघतात. मिरवणुकांत, संमेलनांत प्रसंग उभे केले जातात. जिथे मनापासून जावंसं वाटेल तिथे जा. पहिले काही महिने नवख्यासारखे राहा: पाणी वाटा, कवायत शिका, वस्तादांचं ऐका. सुरक्षेचे नियम काय आहेत ते मात्र पहिल्याच दिवशी विचारा. मग भूमिका वाटायची वेळ आली की दोन प्रश्न करा. हा प्रसंग कोणत्या साधनावरून घेतला? आणि भूमिका कशावरून वाटल्या? सिद्दी जौहर एखाद्या पाटलाच्या मुलाने करावा, बाजीप्रभू एखाद्या मुल्लाच्या मुलाने करावा, असं सुचवून बघा. आवाज ज्याचा खणखणीत, त्याने बाजीप्रभू करावा. आणि तुमच्या वाट्याला अफजलखान आलाच, तर तोही उत्तम करा. फक्त तो आडनावावरून आला नाही याची खात्री करून घ्या. घोषणा समोरच्या वस्तीकडे तोंड करून दिल्या जाऊ लागल्या, तर तिथून बाहेर पडा, आणि का पडलात ते सांगून पडा.

सगळीकडे स्वागत होईल असं आश्वासन मी देत नाही. काही ठिकाणी दार बंद असेल. घरातही कुणी विचारेल, तुला काय पडलंय त्या खेळाचं? त्यांना सांगा, की या मातीत झालेली प्रत्येक लढाई, तिच्या दोन्ही बाजूंसकट, आपल्याही इतिहासाच्या पुस्तकातली आहे. ती कशी सांगितली जाते, हे बोलण्याचा हक्क प्रेक्षकांपेक्षा रांगेतल्या माणसाला जास्त मिळतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.