भाषण ऐका, पण नमुना २६ वाचा



उमेदवाराचं बोलणं, त्याचं चारित्र्य आणि त्यानं भरलेला कर, या तिन्हींचा मतदारावर काय परिणाम होतो, असा आजचा विषय आहे. वेळ दहा मिनिटांचा. तिघांना सारखी मिनिटं वाटून देता आली असती, पण मी तसं करणार नाही. बोलण्यावर आणि चारित्र्यावर आपण चावडीपासून चहाच्या टपरीपर्यंत रात्ररात्र बोलतो. करावर कोणी बोलत नाही. म्हणून माझा बराचसा वेळ मी करालाच देणार आहे, आणि तीच गोष्ट दोनदा-तीनदा सांगणार आहे. रेडिओवरचं बोलणं मागे वळून वाचता येत नाही. चूल पेटवताना, गुरं बांधताना एखादं वाक्य निसटतं.

आधी बोलण्याबद्दल. आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या बिरसीला विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली ती धावपट्टी. निवडणूक आली की मोठे पुढारी तिथे उतरतात आणि गोंदिया, आमगाव, तिरोड्याकडे सभेला जातात. सभेहून परतणाऱ्या माणसाला विचारा, काय झालं? तो म्हणेल, "काय बोलला बाप्पा! समोरच्याला उभाच फाडला." मग विचारा, धानाच्या बोनसबद्दल किती रुपये म्हणाला? विमानतळासाठी ज्यांची घरं-जमिनी गेल्या, त्यांच्या पुनर्वसनाची तारीख कोणती सांगितली? तेव्हा तो माणूस गप्प होतो. फाडला, एवढंच त्याच्या लक्षात राहिलेलं असतं.

आपल्याला सवाल-जबाबाची आवड आहे. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं बघत आपण लहानाचे मोठे झालो. हजरजबाबी माणूस आपल्याला मनापासून आवडतो आणि त्यात काही वाईट नाही. पण मंडईतून आपण रात्री घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. मत दिलं की पाच वर्षं त्यातून परत येता येत नाही.

हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेत २६ सप्टेंबर १९६० रोजी राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन यांचा पहिला वादविवाद दूरचित्रवाणीवर झाला. सुमारे सात कोटी लोकांनी तो पाहिला. निक्सन नुकतेच आजारातून उठले होते, चेहरा ओढलेला दिसत होता. केनेडी ताजेतवाने होते. पडद्यावर पाहणाऱ्यांना केनेडी जिंकले असं वाटलं आणि रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन, असं तेव्हापासून सांगितलं जातं. या गोष्टीच्या पुराव्यावर अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत, म्हणून मी ती पक्की मानत नाही. पण त्या दिवसापासून उमेदवाराचा चेहरा, घाम आणि कोटाचा रंग यांची चर्चा सुरू झाली, हे मात्र खरं.

याच निक्सन यांची दुसरी गोष्ट लोक सांगत नाहीत. ती कराची आहे. राष्ट्राध्यक्ष असताना त्यांचा पगार वर्षाला दोन लाख डॉलर होता, आणि १९७० सालासाठी त्यांनी प्राप्तिकर भरला होता आठशे डॉलरहूनही कमी. हे १९७३ मध्ये बाहेर आलं तेव्हा देश हादरला. पुढे संसदेच्या समितीनं हिशेब केला आणि त्यांच्याकडे चार लाख डॉलरहून जास्त कर निघतो असं सांगितलं. त्यानंतर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांनी आपली करविवरणपत्रं लोकांसमोर ठेवण्याची रीत तिथे पडली. ती रीतच होती, कायदा नव्हता. म्हणून २०१६ मध्ये ट्रम्प यांनी ती पाळली नाही, तेव्हा त्यांना कोणी अडवू शकलं नाही. उलट प्रतिस्पर्ध्यानं भर वादविवादात कर न भरल्याचं काढलं, तेव्हा त्यात आपली हुशारीच आहे असं उत्तर त्यांनी दिलं. आणि ते निवडून आले.

आता कान देऊन ऐका. अमेरिकेत जी नुसती रीत आहे, ती आपल्याकडे कायदा आहे. आपल्याकडे उमेदवाराला सांगावंच लागतं. त्यानं सांगितलेलं आपण वाचत नाही, हे आपलं दुखणं आहे.

हा हक्क आपोआप मिळालेला नाही. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था न्यायालयात गेली, आणि २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की उमेदवाराची मालमत्ता, देणी, शिक्षण आणि फौजदारी प्रकरणं जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. पण पुढे हा निकाल बोथट करणारं कलम लोकप्रतिनिधित्व कायद्यात घातलं गेलं. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयानं तेही रद्द केलं. तेव्हापासून लोकसभेच्या आणि विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला अर्जाबरोबर शपथपत्र द्यावं लागतं. त्याचं नाव नमुना २६. रकाने कोरे ठेवायला २०१३ मध्ये न्यायालयानं मनाई केली. आणि २०१९ पासून या नमुन्यात मागच्या पाच वर्षांचं, प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवलेलं उत्पन्न लिहावं लागतं. स्वतःचं लिहायचं, जोडीदाराचं लिहायचं, अवलंबून असलेल्यांचंही लिहायचं.

माझा मुद्दा एवढाच आहे. उमेदवार प्रचारात शंभर सभा घेतो, हजार वाक्यं बोलतो. त्यातलं शपथेवर केलेलं विधान एकच असतं, ते म्हणजे हा कागद. सभेत एखादा बेधडक चुकीचं बोलला तर टाळ्या पडतात. या कागदावर खोटं लिहिलं किंवा माहिती लपवली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जिथे खोटं बोलणं महाग पडतं, तिथलं बोलणं आपण आधी ऐकायला हवं. आपण मात्र जिथे ते फुकट आहे तिथे गर्दी करतो.

आपला जिल्हा धानाचा. आधारभूत खरेदी केंद्रावर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. धानाची रास कितीही पिवळीधमक दिसू द्या, ग्रेडर राशीकडे बघून काटा करत नाही. पोत्यात टोचायची लोखंडी नळी तो आत खुपसतो, तळचे दाणे मुठीत घेतो, यंत्रावर ओलावा बघतो. सतरा टक्क्यांच्या वर गेला की माल परत, मग शेतकरी कितीही ओळखीचा असो. वरचा थर चांगला आणि खाली पोचट, हे त्याला माहीत असतं. ओला धान वजनाला भारी भरतो, हेही माहीत असतं. सभेतलं भाषण म्हणजे पोत्याचा वरचा थर. तो चांगलाच असणार, दाखवायला म्हणूनच तो वर ठेवलेला आहे. त्या ग्रेडरनं वरचाच थर बघून पोती घेतली असती तर भरडाईच्या वेळी गिरणीवाल्यानं कपाळावर हात मारला असता. तांदळाऐवजी कणी आणि कोंडा! नळी तुमच्याही हातात दिलेली आहे. तुम्ही ती खुपसत नाही, एवढीच माझी तक्रार आहे. चाळीस किलोच्या कट्ट्याला जेवढी तपासणी लागते, तेवढी आमदाराला नको का?

वाचायचं कसं, तेही सांगते. कागद लांबलचक असतो, म्हणून दोन रकाने धरा. पहिला, पाच वर्षांच्या उत्पन्नाचा. दुसरा, सरकारी देण्यांचा. त्यात प्राप्तिकराची, वस्तू आणि सेवा कराची, मालमत्ता कराची थकबाकी लिहावी लागते. पुन्हा सांगते, पाच वर्षांचं उत्पन्न आणि सरकारी देणी. मग मागच्या निवडणुकीचं शपथपत्र काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. उत्पन्न दरवर्षी चार लाख आणि मालमत्ता पाच वर्षांत चार कोटींनी वाढलेली, असं दिसलं तर पुढच्या सभेत हात वर करून विचारा. त्याचं खरं उत्तरही असू शकतं. वडिलोपार्जित जमीन नावावर झाली असेल, रस्त्यालगतच्या जमिनीचा भाव वाढला असेल. पण विचारलं पाहिजे. न विचारताच "सगळेच खातात" म्हणणं हा आळस आहे. मला त्याचा राग येतो.

घाईनं निष्कर्षही काढू नका. आपल्याकडे कितीतरी उमेदवार व्यवसायात शेती लिहितात, आणि शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. त्यामुळे कराचा आकडा लहान दिसला म्हणून माणूस लबाड ठरत नाही, आणि मोठा दिसला म्हणून संत ठरत नाही. घरातली लहानसहान वस्तू लिहायची राहिली म्हणून उमेदवाराची निवड रद्द होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. आपल्यालाही घड्याळं आणि कपाटं मोजायची नाहीत. फौजदारी प्रकरणांचंही तसंच. प्रकरण आहे एवढं वाचून थांबू नका, कलम बघा. धानाच्या भावासाठी रस्ता रोखला म्हणून झालेला गुन्हा वेगळा आणि पैशाच्या अपहाराचा वेगळा. प्रकरण चालू असणं आणि शिक्षा होणं यातही अंतर आहे.

चारित्र्यावर थोडं बोलते. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. आपला गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता, १९९९ ला वेगळा झाला. तेवढा विद्वान, तेवढा वाद घालणारा माणूस आपल्या दारी मत मागायला आला होता, आणि तो हरला. त्याची कारणं अनेक आहेत, त्यात आज शिरत नाही. त्याआधी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणातली भक्ती माणसांना अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. भक्ती बसली की चारित्र्य तपासायचं राहून जातं. आपला तो बाब्या होतो. मला विचाराल तर चारित्र्य कळायची जागा साधी आहे. जे देणं कोणी बघत नाही, ते माणूस वेळेवर देतो का? कर हे तसं देणं आहे. मंदिराच्या वर्गणीची पावती फलकावर लागते, घरपट्टीची लागत नाही.

घरपट्टीवरून गावाकडे येते. आमदारकी लांब वाटत असेल तर सरपंचापासून सुरुवात करा. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायला सुरुवात झाली, २०२० मध्ये ती पद्धत बंद झाली, २०२२ मध्ये पुन्हा आली. म्हणजे आख्खं गाव एका माणसाला मत देतं. देशाचा राष्ट्रपती आपण थेट निवडत नाही, खासदार-आमदार निवडतात. पण गावापुरता तो अधिकार आपल्या बोटाला आला आहे. आणि ग्रामपंचायत कायद्याचं कलम १४ सांगतं की कराचं बिल रीतसर हातात पडल्यावर तीन महिन्यांत जो कर भरत नाही, तो सदस्य राहायला अपात्र. म्हणून अर्ज भरायचे दिवस आले की ग्रामपंचायतीत घरपट्टी-पाणीपट्टी भरणाऱ्यांची रांग लागते. इतकी वर्षं न फिरकलेली माणसं रोख पैसे घेऊन येतात आणि थकबाकी नसल्याचा दाखला घेऊन जातात.

इथे तुमचं काम आहे. कर भरला का, असं विचारू नका. सगळ्यांनी भरलेलाच असतो. कर कधी भरला ते विचारा. पावतीवरची तारीख विचारा. दरवर्षी वेळेवर भरणारा आणि अर्जाच्या आदल्या दिवशी पाच वर्षांचा एकदम भरणारा, दोघांच्या हातात दाखला सारखाच असतो. दोघं सारखे नसतात. ज्या पैशातून गावचा दिवा लागतो, नळाला पाणी येतं, तो पैसा यातल्या दुसऱ्यानं दाबून ठेवला होता, आणि उद्या तोच तुमच्याकडे वसुली मागणार आहे. गावातली चार माणसं तरी त्याला उलट विचारतील, आणि ग्रामपंचायतीची वसुली तिथेच थांबेल. कराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना नऊच्या नोंदवहीत असते. बघायला मागा. ग्रामसभेत मागा.

वेळ संपत आल्याची खूण झाली आहे. जोडीदाराच्या नावावरच्या मालमत्तेबद्दल मला बोलायचं होतं, विशेषतः जिथे बाई सरपंच असतात आणि कारभार दुसराच कोणी बघतो, तिथे शपथपत्र कोणाचं आणि जबाबदारी कोणाची, हा मोठा प्रश्न आहे. बचत गटातल्या बायांनी तो हातात घ्यावा असं वाटतं, पण ते आता राहिलं.

शेवटचं एकदा सांगते. शपथपत्राची प्रत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयाबाहेर फलकावर लागते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरही असते. प्रत्येक घरातलं कॉलेजात जाणारं पोर मोबाइलवर दोन मिनिटांत काढून देईल. त्याला आज रात्रीच जेवताना सांगा, मागच्या निवडणुकीतल्या आपल्या आमदाराचं शपथपत्र काढ आणि मोठ्यानं वाच. पाच वर्षांचं उत्पन्न आणि सरकारी देणी, हे दोन रकाने. आजी-आजोबांनाही ऐकू द्या. पुढच्या सभेला जाल तेव्हा भाषण आवडलं तर जरूर टाळ्या वाजवा, पण प्रश्न लिहिलेला कागद खिशात घेऊन जा.